‘पुरेसा मजकूर असल्यास’: पहिल्या संशोधनपत्रिका निघाल्या कशा?

प्रश्न असा आला आहे: जगातली पहिली संशोधनपत्रिका कोणती, ती काढावी असं कुणाला आणि का वाटलं, आणि आज आपण ज्याला पीअर रिव्ह्यू म्हणतो तो (लेख छापण्याआधी त्याच विषयातल्या तज्ज्ञांनी केलेली तपासणी) तिच्यात पहिल्या अंकापासून होता का? विचारणारी मुलगी पीएच.डी. करते आहे. ‘१६६५ साली रॉयल सोसायटीने पीअर रिव्ह्यूसह जगातलं पहिलं जर्नल सुरू केलं’ हे वाक्य तिला कुणीतरी दिलंय आणि ते प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात जाणार आहे.

मी एका संशोधनसंस्थेच्या ग्रंथालयात २७ वर्षं नियतकालिकांचा विभाग सांभाळला. अंक आला की नोंदवहीत चढवायचा, न आला की स्मरणपत्र धाडायचं, वर्ष भरलं की बांधणीला द्यायचं, हे माझं काम. त्या अनुभवावर सांगतो, की या वाक्यातलं साल तेवढं बरोबर आहे. पहिलं जर्नल लंडनच्या या वैज्ञानिक मंडळाचं नव्हे, पॅरिसचं. पीअर रिव्ह्यू नव्हता. आणि ‘रॉयल सोसायटीने सुरू केलं’ हेही अर्धवटच खरं आहे.

आधी काय होतं ते पाहू. पत्रं होती. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसमध्ये मारँ मेर्सेन नावाचा एक पाद्री राहायचा. युरोपातल्या गणितज्ञांचं तो चालतंबोलतं टपालखातंच होता. कुणी काही शोधलं की मेर्सेनला लिहायचं. मग तो त्याच्या नकला करून दहा ठिकाणी पाठवणार. पत्र एकाच्या नावाने, वाचणारे अनेक. ही व्यवस्था चांगली होती, पण माणसावर उभी होती. १६४८ मध्ये मेर्सेन वारला आणि ते जाळं विस्कटलं.

पत्रांची दुसरी अडचण जास्त बोचरी होती. आपला शोध पत्रात लिहिला आणि वाचणाऱ्याने तो स्वतःच्या नावावर खपवला, तर दाद कुठे मागायची? न लिहावा, तर उद्या दुसऱ्या कुणालातरी तेच सुचणार. यावर त्या काळच्या मंडळींनी काढलेला तोडगा आज वाचताना हसू येतं. गॅलिलिओला १६१० मध्ये शनी तिहेरी दिसला. त्याने ते लॅटिन वाक्यात लिहिलं, अक्षरांचा काला केला आणि तो काला लोकांना पाठवून दिला. केप्लरने तो सोडवायचा प्रयत्न केला आणि भलताच अर्थ काढला: मंगळाला दोन चंद्र आहेत! रॉबर्ट हुकने १६७६ मध्ये एका पुस्तकाच्या शेवटी चौदा अक्षरं नुसती वर्णानुक्रमे छापली आणि दोन वर्षांनी उलगडा केला: ‘जसा ताण, तसा जोर.’ शाळेत स्प्रिंगचा जो नियम शिकतो तो हाच. शोध कुलुपात आणि किल्ली खिशात. मात्र ‘हे मला आधी माहीत होतं’ याचा पुरावा जगापुढे. थोडक्यात, या लोकांना हवी होती ती तारीख. जर्नल या वस्तूने जगाला जे नवं दिलं ते माझ्या मते तेच: शोधावर मारलेला जाहीर तारखेचा शिक्का. बाकी सगळं मागून आलं.

आता पॅरिस. दनी द सालो हा तिथल्या न्यायसभेचा सदस्य. अफाट वाचायचा आणि वाचलेल्याची टिपणं नकलनविसांकडून उतरवून घ्यायचा. ५ जानेवारी १६६५ या दिवशी त्याने टोपणनावाने बारा पानांचा अंक काढला, ‘झुर्नाल दे सावाँ’, म्हणजे विद्वानांचं वृत्तपत्र. दर आठवड्याला निघायचं. नव्या पुस्तकांचे परिचय, दिवंगत विद्वानांचे मृत्युलेख, काही प्रयोग, शिवाय धर्मपीठांचे, न्यायालयांचे आणि विद्यापीठांचे निवाडे असा ऐवज त्यात असे. सालोचा हात मात्र सढळ होता. पुस्तकाचा परिचय देता देता तो त्याचं परीक्षण करून टाकी. लेखक चिडले. त्यात रोमच्या अधिकाराविरुद्ध फ्रेंच चर्चची बाजू घेणारा सूर लागला आणि वरून दट्ट्या आला. तेरा अंकांत, मार्चअखेरीस, सालोचं संपादन संपलं. पुढच्या जानेवारीत राजाचा मंत्री कोल्बेर याच्या आश्रयाने गाल्वा नावाच्या पाद्र्याने ते पुन्हा सुरू केलं, जरा जपून. संपादकाला घरी बसवून अंक चालू ठेवायचा, ही चाल तेव्हापासूनची आहे.

लंडनची गोष्ट जास्त रसाळ आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो.

हेन्री ओल्डेनबर्ग मूळचा जर्मनीतल्या ब्रेमेनचा. लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी, इटालियन, डच या भाषांत त्याची ये-जा होती. रॉयल सोसायटीचा तो सचिव, पण सुरुवातीची वर्षं बिनपगारी. दान्झिगचा हेव्हेलियस, बोलोन्याचा मालपीगी, हॉलंडचे हायगेन्स आणि स्पिनोझा, सगळ्यांशी त्याचा पत्रव्यवहार. मेर्सेनचीच गादी म्हणा ना. फरक एवढाच, की ओल्डेनबर्गला घरभाडं भरायचं होतं. हाताने नकला करून पाठवण्यापेक्षा छापून विकल्या तर? १ मार्च रोजी सोसायटीच्या कार्यकारी मंडळाने ठराव केला, की ओल्डेनबर्ग यांनी रचलेलं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी छापावं, पुरेसा मजकूर असल्यास. हे शेवटचे तीन शब्द कुठल्याही मराठी त्रैमासिकाच्या संपादकाला दाखवा, तो तुमचा हात हातात घेईल. आमच्याकडे जानेवारी-मार्चचा अंक जुलैत यायचा, आणि फार उशीर झाला की जोडअंक.

पाचच दिवसांनी पहिला अंक निघाला. सोळा पानं. कागदाचा ताव दोनदा दुमडला की आठ पृष्ठं होतात. म्हणजे दोन तावांचा कारभार. आत काय होतं? रोमच्या काम्पानीने घासलेली नवी भिंगं. गुरूच्या पट्ट्यावर हुकला दिसलेला डाग. धूमकेतूच्या मार्गाचं भाकीत. रसायनज्ञ रॉबर्ट बॉइलच्या थंडीवरच्या ग्रंथाची वार्ता. एका विचित्र, विकृत वासराची हकीकत, तीही बॉइलचीच. जर्मनीतलं शिशाचं खनिज, हंगेरीतली औषधी माती, बर्म्युडाजवळची देवमाशांची शिकार, समुद्रावर रेखांश काढायला लंबकाची घड्याळं. आजचा एकही संपादक हे सगळं एका अंकात घेणार नाही. मला मात्र तो अंक एखाद्या हुशार माणसाच्या आलेल्या टपालासारखा वाटतो, आणि वस्तुस्थितीही तीच होती.

सर्वांत शेवटी एक मजकूर आहे, त्याकडे नीट पाहा. ‘समुद्रापलीकडे नुकतंच प्रसिद्ध झालेलं’, तुलूझच्या न्यायसभेतल्या एका दिवंगत थोर गृहस्थाचं व्यक्तिचित्र. हा गृहस्थ म्हणजे पिएर द फर्मा. (छापखान्यातला फर्मा नव्हे, गणितातला.) जानेवारीत तो वारला, फेब्रुवारीत पॅरिसच्या झुर्नालने मृत्युलेख छापला, मार्चमध्ये ओल्डेनबर्गने तो उचलला. म्हणजे लंडनच्या पहिल्या अंकातच पॅरिसच्या अंकाची उचल आहे, आणि कोण आधी निघालं या वादाचा निकाल लंडनने स्वतःच छापून ठेवला आहे. फर्माने आयुष्यभर फारसं काही छापलंच नाही. गणित पत्रांत आणि पुस्तकांच्या समासात ठेवून गेला. पत्रयुगाचा शेवटचा मोठा माणूस दोन्ही जर्नलांच्या उंबरठ्यावर श्रद्धांजलीच्या रूपात उभा आहे.

आता तारखेचं. त्या अंकावर ‘सोमवार, ६ मार्च १६६४/५’ असं छापलंय. इंग्लंडात तेव्हा कायदेशीर नवीन वर्ष २५ मार्चला लागे, त्यामुळे जानेवारी ते मार्चच्या तारखांना दोन सालं जोडून लिहीत. शिवाय इंग्रजी पंचांग फ्रान्सच्या दहा दिवस मागे होतं. पॅरिसच्या हिशेबाने तो दिवस १६ मार्चचा. दोन्ही पहिल्या अंकांमधलं खरं अंतर ७० दिवसांचं, साठाचं नव्हे. एका ग्रंथालयाच्या जुन्या तालिकापत्रावर मी लंडनच्या जर्नलचं पहिलं साल १६६४ असं पाहिलं होतं. त्यामुळे तिथे कित्येक वर्षं लंडन पॅरिसच्या आधी येत होतं! नक्कल करणाऱ्याने तिरकी रेघ आणि पुढचा आकडा सोडून दिला होता, बाकी काही नाही.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? मिर्झाराजे जयसिंग पुण्यात दाखल होऊन पुरंदरच्या वेढ्याची तयारी करत होते, आणि महिनाभरापूर्वी मुंबई बेट पोर्तुगीजांकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं होतं. हे उगाच जुळवून सांगत नाही. मार्च १६६७ च्या अंकात ओल्डेनबर्गने ‘सुरत व पूर्वेकडील इतर भागांसाठी चौकश्या’ अशी प्रश्नावली छापली आहे. शिवाजी महाराजांनी पहिल्यांदा लुटली त्याला तीन वर्षं झालेली, तीच ही सुरत. तिथे जाणाऱ्या खलाशांनी, वखारवाल्यांनी डोळे उघडे ठेवून उत्तरं आणावीत अशी अपेक्षा. सोसायटीने पूर्वेकडे धाडलेल्या अशा प्रश्नांत एक असाही होता, की खाणीतून काढलेले हिरे तीन-चार वर्षांनी त्याच जागी पुन्हा उगवतात का? हसू नका. विचारल्याशिवाय कळणार कसं?

धंदा म्हणून मात्र हे प्रकरण आतबट्ट्याचंच. वर्षाला दीडशे पौंड सुटतील असा ओल्डेनबर्गचा अंदाज होता. चाळीसच्या वर क्वचितच मिळाले. पहिल्याच उन्हाळ्यात लंडनला प्लेग आला, काही अंक ऑक्सफर्डला छापावे लागले. दुसऱ्या वर्षी आग लागली, सेंट पॉलच्या आसपासच्या पुस्तकविक्रेत्यांचे साठे जळाले. तिसऱ्या वर्षी डचांशी युद्ध चालू असताना परदेशी पत्रव्यवहारापायी हेरगिरीचा संशय आला आणि संपादक महाशय सुमारे दोन महिने टॉवर ऑफ लंडनमध्ये. गंमत अशी, की त्याची बरीचशी पत्रं ‘श्री. ग्रुबेनडोल, लंडन’ या नावाने यायची. ओल्डेनबर्गचीच अक्षरं उलटसुलट केलेली. ती सरकारी मंत्र्याच्या कचेरीतून जात, म्हणजे टपालखर्च वाचे आणि सरकारलाही आयती बातमी मिळे. तरी सुटून आल्यावर त्याने काम पुढे चालू ठेवलं. सप्टेंबर १६७७ मध्ये तो गेला तोवर १३६ अंक निघाले होते. दोन वर्षांत ट्रान्झॅक्शन्स बंद पडलं आणि १६८३ पर्यंत बंदच होतं. त्यामुळे ‘१६६५ पासून अखंड’ असं कुठे वाचलंत तर ‘अखंड’ शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारा. झुर्नालही राज्यक्रांतीत, १७९२ साली थांबलं होतं.

तारखेच्या शिक्क्याची ताकद ओल्डेनबर्गला पक्की ठाऊक होती. अंक निघण्याच्या तीन-चार महिने आधी त्याने बॉइलला लिहिलं होतं, की सोसायटी नव्या गोष्टीबरोबर ती सांगणारी व्यक्ती आणि वेळ यांचीही नोंद काळजीपूर्वक ठेवते, म्हणजे शोधाचा मान अबाधित राहील. न्यूटनचं उदाहरण घ्या. पांढरा प्रकाश अनेक रंगांचा बनलेला असतो, हे सांगणारं त्याचं पत्र ६ फेब्रुवारी १६७२ चं. दोन दिवसांनी ते सभेत वाचलं गेलं आणि १९ तारखेला छापूनही आलं. तेरा दिवस! आज ऑनलाइन युगात सहा महिन्यांत ‘स्वीकृत’ असं उत्तर आलं तरी लोक पेढे वाटतात. पण छापलं की उत्तरंही द्यावी लागतात, हे न्यूटनच्या लक्षात आलं नव्हतं. हुकने आक्षेप घेतले, लिएजच्या जेझुइटांनी घेतले, आणि ओल्डेनबर्ग ती पत्रं इमानेइतबारे न्यूटनकडे धाडत राहिला. न्यूटन इतका वैतागला, की प्रकाशावरचा ग्रंथ त्याने हुक वारल्यानंतरच, १७०४ मध्ये बाहेर काढला.

याची किंमत त्याला दुसरीकडे मोजावी लागली. कलनाचं गणित (कॅल्क्युलस) त्याच्याकडे प्लेगच्या वर्षांपासून होतं, पण त्याने छापलं नाही. १६७६ मध्ये ओल्डेनबर्गमार्फत जर्मन गणितज्ञ लायब्निझला पत्र पाठवलं, त्यातही मुख्य मुद्दा अक्षरांच्या काल्यात बांधून. इकडे लाइप्झिगमध्ये ऑटो मेंके याने १६८२ मध्ये ‘आक्ता एरुदितोरुम’ हे लॅटिन मासिक सुरू केलं. लॅटिन अशासाठी, की इंग्रजीतलं ट्रान्झॅक्शन्स युरोपात अनेकांना वाचताच येत नसे. ऑक्टोबर १६८४ च्या अंकात लायब्निझचा सहा पानी लेख आला. दुर्बोध, छपाईच्या चुका असलेला, पण छापील आणि तारीखवार. न्यूटनचा जुना काला आणि लायब्निझची छापील सहा पानं समोरासमोर आली तेव्हा जग कुणाच्या बाजूने झुकणार, हे सांगायला नको.

पुढे जे झालं ते प्रत्येक संपादकाला ठाऊक असावं. वाद पेटल्यावर रॉयल सोसायटीने चौकशी समिती नेमली. सोसायटीचा अध्यक्ष न्यूटन. समितीच्या अहवालाचा मसुदा मुख्यतः न्यूटनचा. त्यात पुरावा म्हणून दिलेली बरीच पत्रं ओल्डेनबर्गच्या हातून गेलेली. आणि १७१५ मध्ये त्या अहवालाचा प्रदीर्घ परिचय ट्रान्झॅक्शन्समध्ये निनावी छापून आला, तो लिहिणाराही न्यूटनच. वादी तोच, न्यायाधीश तोच, वार्ताहरही तोच.

एवढं झाल्यावर पीअर रिव्ह्यूचा मुद्दा सोपा होतो. गैरसमज कुठून आला? तो १ मार्चच्या त्याच ठरावातून. त्यात पुढे असं आहे, की मजकूर सोसायटीच्या काही सदस्यांनी आधी पाहावा आणि मंडळाने परवाना द्यावा. त्या वेळी इंग्लंडात परवान्याशिवाय काही छापता येत नसे, आणि सोसायटीला परवाने देण्याचा अधिकार होता. हे ‘पाहणं’ म्हणजे राजद्रोह, धर्मद्रोह किंवा सोसायटीची नाचक्की होईल असं काही नाही ना, एवढी खातरजमा. निष्कर्ष बरोबर आहे का, पद्धत धड आहे का, हे कुणी तपासत नव्हतं. काय घ्यायचं ते ओल्डेनबर्ग ठरवी. शंका आलीच तर तज्ज्ञांऐवजी साक्षीदार शोधत. डेल्फ्टचा कापडविक्या लेव्हेनहुक याने पाण्याच्या थेंबात जिवंत सूक्ष्म प्राणी दिसतात असं कळवलं. ओल्डेनबर्गने १६७७ मध्ये त्याचं डच पत्र इंग्रजीत आणून छापलं, पण विश्वास कोण ठेवणार? मग लेव्हेनहुकने आठ प्रतिष्ठितांचे दाखले पाठवले, त्यांत धर्मोपदेशकही होते: आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. शेवटी हुकने स्वतः सूक्ष्मदर्शक लावून सभेत ते दाखवलं तेव्हा प्रश्न मिटला.

सोसायटीने ट्रान्झॅक्शन्सची जबाबदारी अधिकृतपणे घेतली ती १७५२ मध्ये, तीही जॉन हिल नावाच्या एका माणसाने त्यातल्या लेखांची पुस्तक लिहून टर उडवल्यावर. समिती नेमली, लेखांवर गुप्त मतदान सुरू केलं, आणि छापलेल्या मजकुरावर संस्था म्हणून आमचं मत नसतं असंही जाहीर केलं. आपल्याकडचं ‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे वाक्य याच जातकुळीचं. रेफरींचे, म्हणजे लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांचे, लेखी अहवाल १८३२ पासून. आणि ‘नेचर’ने बाहेरच्या रेफरींचं मत सर्व लेखांना सक्तीचं केलं ते थेट १९७३ मध्ये. मधल्या काळात, १९३६ साली, एका अमेरिकन नियतकालिकाने आइन्स्टाइनचा लेख न विचारता रेफरीकडे पाठवला म्हणून त्याने तो रागाने परत घेतला होता. रेफरीचं बरोबर होतं, हा भाग वेगळा.

मुंबईपर्यंत ही वस्तू यायला बराच काळ लागला. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बेने आपल्या निबंधांचा पहिला खंड १८१९ मध्ये काढला, तोही लंडनला छापून. तीच पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १८४१ मध्ये तिचं स्वतःचं जर्नल सुरू झालं. बाळशास्त्री जांभेकरांचे शिलालेख-ताम्रपटांवरचे लेख त्यात आहेत. त्यांनी आदल्याच वर्षी काढलेलं ‘दिग्दर्शन’ मराठीतलं पहिलं मासिक. त्यात भूगोल, पदार्थविज्ञान असे विषय सोप्या मराठीत यायचे. ते संशोधनपत्रिका नव्हे, ज्ञानप्रसाराचं मासिक. प्रबंधात या दोन्हींची गल्लत करू नका, परीक्षक पुण्याचे असतील तर हमखास पकडतील.

वाक्य लिहायचंच तर असं लिहा: ‘५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिसमध्ये झुर्नाल दे सावाँ आणि दोन-अडीच महिन्यांनी लंडनमध्ये फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स सुरू झालं; दुसरं मुख्यतः विज्ञानाला वाहिलेलं पहिलं नियतकालिक असून ते रॉयल सोसायटीच्या परवान्याने, पण सचिव ओल्डेनबर्ग यांच्या स्वतःच्या खर्चाने व जोखमीने निघत असे.’ पीअर रिव्ह्यू त्या वाक्यातून काढून एकोणिसाव्या-विसाव्या शतकाच्या परिच्छेदात न्या. आणि लंडनची तारीख देताना ‘६ मार्च १६६४/५’ अशीच द्या. टाइप करणाऱ्याला सांगून ठेवा, ती तिरकी रेघ चुकून पडलेली नाही.